रंगवलेलं नायलॉन पुन्हा वितळवण्याआधी: दोष रंगाचा की त्याच्या इतिहासाचा, हे कसं तपासावं

एकाच लॉटचं नायलॉन ६. अर्धं कोरं राहिलं, अर्धं गडद निळं रंगवलं. दोन्हीचे तुकडे केले, सुकवले आणि एकाच एक्स्ट्रूडरमधून एकाच तापमानाला काढले. कोऱ्याची दोरी सरळ पाण्यात उतरली. निळ्याची फुगली, मध्येच तुटली, शिवाय डायच्या ओठांवर काळपट चिकट थर जमला. अशा वेळी मशीनपाशी उभे असलेले सगळे एकच वाक्य बोलतात: "रंगामुळे होतंय."

ही निळी दोरी माझीच होती आणि ते वाक्य मीही बोललो होतो. मोजमापं केल्यावर कळलं की ते निम्मंच खरं होतं. रंगाईत नायलॉनला फक्त रंग लागत नाही. ते तासभर उकळत्या पाण्यात राहतं, आम्ल आणि साहाय्यक रसायनं पितं, मग त्यावर फिक्सिंग (रंग पक्का करणं), सॉफ्टनर आणि वर हीट सेटिंग (उष्णतेनं आकार पक्का करणं). यातलं काय रंगामुळे झालं आणि काय बाकीच्या प्रवासामुळे, हे वेगळं करता आलं तरच पुनर्वापराचं तापमान, वेळ आणि मिश्रण ठरवता येतं. ते वेगळं कसं करायचं, त्याची ही कृती.

(एक खुलासा आधीच. कपड्याचा डाय आणि एक्स्ट्रूडरच्या तोंडाचा डाय देवनागरीत सारखेच दिसतात. या लेखात डाय म्हणजे फक्त मशीनचं तोंड. रंगाला रंगच म्हणतो.)

आधी हे समजून घ्या: रंग नायलॉनमध्ये बसतो कुठे

नायलॉनच्या धाग्यात दोन प्रकारची वस्ती असते. काही ठिकाणी साखळ्या शिस्तीत रचलेल्या असतात, ते स्फटिक. उरलेल्या जागी त्या विस्कटलेल्या असतात. रंगाचा रेणू मोठा असतो, तो स्फटिकात शिरत नाही. विस्कटलेल्या भागातच मुरतो. वितळबिंदू ठरवतात ते स्फटिक. म्हणून रंगवलेल्या नायलॉन ६ चा वितळबिंदू २२० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतो आणि नायलॉन ६६ चा २६० च्या आसपास. "रंगामुळे वितळबिंदू दहा अंशांनी घसरला" असं कुणी सांगितलं, तर मी आधी नमुन्यात नायलॉन ६ आणि ६६ ची सरमिसळ आहे का ते बघतो.

रंगाचा खरा प्रभाव तीन ठिकाणी दिसतो: वितळलेलं नायलॉन थंड होताना पुन्हा स्फटिक कसे बनवतं, वितळलेल्या अवस्थेत साखळ्या किती टिकतात, आणि रंग स्वतः किती तापमानाला फुटतो किंवा उडतो.

ॲसिड रंगाचं (आम्लधर्मी पाण्यातून नायलॉनवर चढणाऱ्या रंगाचं) गणित हातानं करून पाहण्यासारखं आहे. या रंगाचा सल्फोनेट गट नायलॉनच्या साखळीच्या अमाइन टोकाला आयनिक बंधानं धरतो. नेहमीच्या कपड्याच्या नायलॉनमध्ये किलोमागे साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट (रासायनिक गट मोजायचं एकक) अमाइन टोकं असतात. रंगाचा रेणुभार ५०० आणि त्यावर एकच सल्फोनेट गट धरला, तर सगळी टोकं भरायला किलोला ०.०४० × ५०० = २० ग्रॅम शुद्ध रंग लागेल, म्हणजे २ टक्के. गडद निळ्या-काळ्या छटा या आकड्याच्या जवळ जातात किंवा तो ओलांडतात. फिक्या गुलाबीत मात्र दहातलं एखादं टोकही व्यापलेलं नसतं. म्हणून "रंगवलेलं नायलॉन" असा एकच ढीग करणं मला पटत नाही. फिकं आणि गडद हे उष्णतेच्या दृष्टीनं दोन वेगळे माल आहेत.

टोकं व्यापली की काय बिघडतं? वितळलेल्या नायलॉनमध्ये साखळ्या तुटत असतात, तशा अमाइन आणि कार्बॉक्सिल टोकं भेटून जुळतही असतात. मोकळी अमाइन टोकं कमी, तर जुळणीही मंद. पुनर्वापरात घसरलेली व्हिस्कॉसिटी (वितळाचा दाटपणा) दाण्यांना घन अवस्थेत तापवून परत वाढवायची असेल, तर ही मंदी जाणवते.

पायरी १: ढीग ओळखा

नायलॉन कोणतं ते डीएससीवर (नमुना तापताना-थंड होताना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) लगेच कळतं. यंत्र हाताशी नसेल तर साधारण ४.४ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात नायलॉन ६ खोलीच्या तापमानाला विरघळतं, नायलॉन ६६ तसंच राहतं. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड घेऊनच हे करा.

रंगाचा प्रकार ओळखायला जुन्या पद्धती पुरतात. तुकडा विरळ अमोनियात उकळा. रंग पाण्यात उतरला, तर कापड काढून घ्या, द्रावण आम्लधर्मी करा आणि त्यात पांढरी लोकर टाकून पुन्हा तापवा. लोकर रंगली तर ॲसिड रंग. डिस्पर्स रंगाची (पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या रंगाची) खूण वेगळी: पांढऱ्या पॉलिएस्टर कापडात गुंडाळून १८० अंशांच्या आसपास दाबलं की रंग वाफ होऊन शेजाऱ्यावर उमटतो. आणि सूत काढतानाच वितळात मिसळलेलं रंगद्रव्य असेल, तर अमोनियाला ते हलत नाही. फॉर्मिक आम्लात नायलॉन विरघळवल्यावर तळाशी कण सापडतात.

काळ्या रंगाबाबत विशेष काळजी घ्या. वितळात कार्बन ब्लॅक घालून काळं केलेलं सूत आणि बाथमध्ये (रंगाईच्या पाण्यात) ॲसिड ब्लॅकनं रंगवलेलं सूत डोळ्यांना सारखंच दिसतं. कार्बन ब्लॅक निअर-इन्फ्रारेड किरणं पिऊन टाकतो, त्यामुळे वर्गवारीचा स्कॅनर त्यापुढे आंधळा होतो. बाथमध्ये रंगवलेलं काळं त्याच स्कॅनरला बऱ्याचदा वाचता येतं. उष्णतेतही दोघांची वागणूक निराळी असते, ते पुढे येईलच.

इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर इथेच बाजूला काढा. त्यातल्या पॉलियुरेथेनचे बंध नायलॉन वितळवण्याच्या तापमानालाच तुटू लागतात आणि तो धूर रंगाच्या नावावर खपतो.

पायरी २: कोरा बाथ चालवा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. तुलना "कोरं सूत विरुद्ध रंगवलेलं सूत" अशी केली, की बाथचे, आम्लाचे, उकळण्याचे सगळे परिणाम रंगाच्या खात्यात पडतात. म्हणून निदान चार नमुने घ्या:

- कोरं सूत, जसं आलं तसं.
- कोऱ्या बाथमधलं सूत: तोच पीएच, तेच तापमान, तितकाच वेळ, तीच लेव्हलिंग रसायनं (रंग सारखा चढवणारी), फक्त रंग नाही.
- रंगवलेलं सूत, फिक्सिंगशिवाय.
- रंगवून सिंथेटिक टॅनिनसारख्या एजंटनं फिक्स केलेलं सूत.

हीट सेटिंग करणार असाल तर चारही नमुन्यांना करा, नाहीतर कुणालाच नको.

हाती आलेला माल जुने कपडे किंवा कतरण असेल, तर त्याचा इतिहास ठाऊक नसतो आणि कोरा बाथ मागे जाऊन चालवता येत नाही. तेव्हा पट्ट्यांचं किंवा छापील कापड शोधा. ज्या छापील कापडात पांढरा भाग न रंगवता तसाच सोडलेला असतो, तिथे तो आणि रंगीत भाग वाफवणं, धुणं, सेटिंग यांतून बरोबरच गेलेले असतात. तो पांढरा भाग हाच तुमचा कोरा नमुना. दुसरं म्हणजे प्रत्येक नमुन्याचा एक भाग पेट्रोलियम ईथरमध्ये सॉक्सलेटवर (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणारं काचेचं उपकरण) धुऊन घ्या. तेलं, मेण आणि बरेचसे सॉफ्टनर त्यात निघतात. ॲसिड रंग जागचा हलत नाही. धुतलेला आणि न धुतलेला असे दोन्ही पुढे न्या.

पायरी ३: सुकवा, पण भाजू नका

नेहमीच्या दमट हवेत नायलॉन ६ वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतं. कोरड्या नायलॉनचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्यावर विस्कटलेला भाग मऊ होतो) ५० अंशांच्या आसपास असतं. ओलं झालं की ते खोलीच्या तापमानाच्याही खाली जातं. ओला नमुना डीएससीत टाकला तर ५० ते १२० अंशांच्या पट्ट्यात एक रुंद खळगा येतो. तो पाण्याचा असतो, पण रंगाचा म्हणून छापलेला मी पाहिला आहे.

८० अंशांवर, व्हॅक्यूममध्ये, रात्रभर. उघड्या हवेत जास्त तापवलं तर नायलॉन पिवळं पडतं आणि ऑक्सिडेशन चाचणीआधीच सुरू होतं. मशीनवर घ्यायच्या मालाचं पाणी कार्ल फिशरनं (पाणी मोजायची रासायनिक पद्धत) मोजा. मोल्डिंगला ०.२ टक्क्यांखाली चालतं, सूत काढायचं तर ०.१ च्याही खाली हवं. रंगवलेला आणि कोरा माल एकाच ओव्हनमध्ये तितकाच वेळ ठेवला म्हणजे दोन्हीतलं पाणी सारखंच उरलं, असं गृहीत धरू नका. सल्फोनेट गटांना पाण्याची ओढ असते. दोन्ही वेगवेगळे मोजा.

पायरी ४: डीएससी, आणि त्यातला थंड होतानाचा आलेख

यंत्र इंडियमवर जुळवून घ्या: वितळबिंदू १५६.६ अंश. सूत बारीक कापून ५ मिलिग्रॅमच्या आसपास घ्या आणि भोक पाडलेल्या झाकणाच्या ॲल्युमिनियम पॅनमध्ये सपाट बसवा. काही जण सुताची गुंडाळी घट्ट बांधून ठेवतात. तसं केलं तर तापताना धाग्याला आकसायला वाव मिळत नाही आणि वितळण्याचं शिखर वर सरकतं. कापून घ्या वा बांधून घ्या, सगळ्या नमुन्यांना एकच न्याय लावा.

नायट्रोजनमध्ये नायलॉन ६ साठी असा कार्यक्रम ठेवा: २५ ते २५० अंश, मिनिटाला १० अंश, २५० वर ३ मिनिटं, त्याच गतीनं परत २५ पर्यंत, पुन्हा २५०. नायलॉन ६६ साठी वरची मर्यादा २९० ठेवा. वितळावस्थेत जास्त वेळ थांबवू नका, कारण रंग तिथेच फुटू लागला तर पुढचे दोन्ही आलेख बिघडतील.

आता तीन आलेख तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिलं तापवणं म्हणजे मालाचा इतिहास. मुख्य शिखराच्या आधी, हीट सेटिंगच्या तापमानाच्या थोडं वर, एक लहानसा उंचवटा दिसतो. तो सेटिंगच्या वेळी बनलेल्या अर्धवट स्फटिकांचा असतो. मुख्य शिखर कधी दुहेरी दिसतं, कारण नायलॉन ६ मध्ये अल्फा आणि गॅमा असे दोन स्फटिकप्रकार असतात आणि गॅमा थोडा आधी वितळतो. उकळता बाथ आणि वाफेचं सेटिंग गॅमाला अल्फाकडे ढकलतात. माझा पहिला अहवाल इथेच फसला होता. रंगवलेल्या नमुन्यात गॅमाचा खांदा (मुख्य शिखराला लागून दिसणारा फुगवटा) नव्हता आणि मी छातीठोकपणे लिहिलं की रंगानं स्फटिकरचना बदलली. नंतर कोऱ्या बाथचा नमुना चालवला. त्यातही खांदा नव्हता.

थंड होतानाचा आलेख सगळ्यात बोलका. या गतीला नायलॉन ६ साधारण १८५ ते १९० अंशांदरम्यान स्फटिक बनवतं. हे शिखर वर सरकलं तर रंगाचे कण बीजाचं काम करताहेत: कार्बन ब्लॅक आणि थॅलोसायनिनचं निळं-हिरवं रंगद्रव्य हे करतात. खाली सरकलं तर काहीतरी साखळ्यांना रचू देत नाहीये. नायग्रोसिन हा काळा रंग याचं नावाजलेलं उदाहरण आहे. तो नायलॉनचं स्फटिकीकरण मुद्दाम मंद करण्यासाठी वापरतात, कारण वस्तूचा पृष्ठभाग जास्त चकचकीत येतो. दोन काळे, परिणाम उलटे. वरच्या पायरीत काळ्याबद्दल इतका आग्रह धरला तो यासाठी.

शिखर वर सरकलं तर मोल्डमध्ये माल लवकर घट्ट होतो, पण सूत ओढताना तुटायची शक्यता वाढते. खाली सरकलं तर थंड करायला जास्त वेळ द्यावा लागतो आणि वस्तू मोल्डबाहेर पडल्यावरही वाकडी होऊ शकते.

सावध राहायची जागाही इथेच. पुनर्वापर केलेलं नायलॉन, कोरं असलं तरी, नव्यापेक्षा सहसा वरच्या तापमानाला स्फटिक बनवतं. तुटून आखूड झालेल्या साखळ्या लवकर रचल्या जातात आणि धूळ, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे कण बीज पुरवतात. तेव्हा रंगीत पुनर्वापर केलेल्या मालाची तुलना कोऱ्या पुनर्वापर केलेल्या मालाशीच करा, नव्या दाण्यांशी नाही. प्रत्येक नमुना तीनदा चालवा. एका अंशाच्या आतला फरक मी फरक मानत नाही.

दुसऱ्या तापवण्यावरून स्फटिकता काढा. समजा ६५ जूल प्रति ग्रॅम आले आणि नमुन्यात ३ टक्के रंग व राख आहे. नायलॉन खरं ९७ टक्केच, म्हणून ६५ ÷ ०.९७ = ६७. पूर्ण स्फटिकरूप नायलॉन ६ साठी २३० जूल धरले तर २९ टक्के. १९० धरले तर ३५ टक्के. दोन्ही आकडे वापरात आहेत. म्हणजे रंगाच्या दुरुस्तीपेक्षा संदर्भाचा आकडा कितीतरी जास्त फरक पाडतो. एक निवडा, अहवालात लिहा, आणि दुसऱ्याच्या टक्केवारीशी तुलना करण्याआधी त्यानं कोणता धरला ते विचारा.

पायरी ५: टीजीए (तापवताना घटणारं वजन मोजणं)

नायट्रोजनमध्ये नायलॉनचं मोठं वजन ४०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात जातं, त्यामुळे सरळ चढत्या आलेखात रंगीत आणि कोरं जवळजवळ एकावर एक बसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण मशीनवर माल ४०० अंश कधीच बघत नाही. म्हणून स्थिर तापमानाची चाचणी करा: नायलॉन ६ साठी २६० अंश, ३० मिनिटं, एकदा नायट्रोजनमध्ये, एकदा हवेत. ६६ साठी २९०. पहिल्या पाच-दहा मिनिटांत रंगीत नमुना कोऱ्या बाथपेक्षा किती जास्त वजन गमावतो, तेच डायच्या तोंडाशी बुडबुडे आणि थर होऊन दिसतं.

रंगाची भुकटीही वेगळी चालवा, पण तिच्या राखेवरून निष्कर्ष काढू नका. बाजारच्या ॲसिड रंगात सोडियम सल्फेटसारखं मीठ भरलेलं असतं आणि डिस्पर्स रंगात लिग्नोसल्फोनेट. हे सुतात जात नाही, बाथमध्ये राहतं.

धातुसंकुल रंगांसाठी (ज्यांच्या रेणूत धातूचा अणू बसवलेला असतो) राख महत्त्वाची. रेणुभार ९०० च्या, एक क्रोमियम धरलेल्या रंगात क्रोमियम ५.८ टक्के. सुतावर २ टक्के शुद्ध रंग असेल तर क्रोमियम ०.१२ टक्के आणि क्रोमियम ऑक्साइड म्हणून राख ०.१७ टक्के. टीजीएत १० मिलिग्रॅम घेतलं तर ही राख ०.०१७ मिलिग्रॅम होते, म्हणजे तराजूच्या थरथरीइतकी. त्यापेक्षा ५ ग्रॅम माल मफल भट्टीत जाळा. ८.५ मिलिग्रॅम राख साध्या प्रयोगशाळेच्या तराजूवरही मोजता येते. अर्धनिस्तेज (चमक कमी केलेल्या) सुतात ०.३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतंच, ते कोऱ्या नमुन्याच्या राखेवरून वजा करा.

तांब्याविषयी एक गैरसमज फिरतो. तांब्याचे क्षार आयोडाइडसोबत नायलॉनला उष्णतेत टिकवतात, हे खरं. त्यावरून तांब्याचा रंग असलेलं कापडही आपोआप टिकेल, असं मात्र नाही. थॅलोसायनिनच्या कड्यात तांबं घट्ट अडकलेलं असतं, ते मोकळ्या क्षारासारखं काम करायला येत नाही.

पायरी ६: वितळावस्थेत साखळी किती टिकते

सुकवलेला माल मेल्ट फ्लोच्या नळीत (वजनाखाली वितळ किती वाहतं ते मोजणारं यंत्र) २३५ अंशांना, २.१६ किलो वजनाखाली चालवा. एकदा ५ मिनिटं थांबून, मग १०, मग १५. प्रवाह वाढत गेला तर साखळ्या तुटताहेत. घटत गेला तर जुळताहेत किंवा एकमेकींत गुंतताहेत. कोऱ्या आणि रंगीत मालाच्या रेषांचा उतार बघा, एकेका आकड्यात अडकू नका.

द्रावणाची सापेक्ष व्हिस्कॉसिटी काढताना गडद रंग वेगळाच खोडा घालतो. स्वयंचलित व्हिस्कोमीटर द्रावणाची कड प्रकाशानं ओळखतो. काळपट द्रावणात ती त्याला दिसत नाही आणि तो वाट्टेल तो वेळ छापतो. अपारदर्शक द्रवांसाठीचा उलट प्रवाहाचा कॅनन-फेन्स्के (काचेचा व्हिस्कोमीटर) वापरा. अमाइन टोकांच्या टायट्रेशनलाही सूचकाचा रंग दिसणार नाही, तिथे पोटेन्शिओमीटरवर (रंगाऐवजी विद्युतदाबावरून शेवट ओळखणारं यंत्र) जा. ॲसिड रंगानं धरलेली टोकं मोकळ्या टोकांसारखी मोजली जात नाहीत, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचा.

पायरी ७: मशीनवर

नायलॉनचं वितळ रंगांच्या बाबतीत क्षपणकारक (रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देऊन मोडणारं) असतं, त्यामुळे फार थोडे सेंद्रिय रंग त्यात मूळ छटेत टिकतात. अझो बंध (अनेक रंगांच्या रेणूतला दोन नायट्रोजनमधला जोड) तुटला की रंग गेला. मिश्र रंगांचा ढीग शेवटी राखाडी-तपकिरी होतो तो यामुळेही. छटा वाचवायचा हट्ट सोडून दिला तर बाकी निर्णय सोपे होतात: तापमान माल वाहता राहील इतपतच, बॅरलमधला वेळ कमीत कमी, व्हॅक्यूम व्हेंट चालू, जाळी बारीक. डिस्पर्स रंग असेल तर व्हेंटच्या नळीत रंगीत थर जमतो, तो वेळच्या वेळी काढा. धुराची ओढणी डायपाशीच हवी. अझो रंग फुटून काही सुगंधी अमाइनं सुटू शकतात. युरोपीय महासंघात अंगाला लागणाऱ्या कापडात अशा यादीतल्या अमाइनांना किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

रंग आधीच उतरवायचा का? ॲसिड रंग अल्कलीत आणि हायड्रोसनं (सोडियम हायड्रोसल्फाइट) बराचसा उतरतो. पण नीट धुतलं नाही तर मागे मीठ आणि अल्कली उरतं, आणि ते रंगापेक्षा जास्त त्रास देऊ शकतं. स्वच्छ पांढरा माल हवाच असेल, तर नायलॉन ६ परत कॅप्रोलॅक्टमपर्यंत (ज्यापासून ते बनतं तो मूळ रेणू) तोडून शुद्ध करणं हा वेगळा रस्ता आहे. ॲक्वाफिल ही कंपनी २०११ पासून इकोनिल या नावानं तो वापरते. तिथे रंग हा उष्णतेचा प्रश्न उरत नाही, गाळायच्या कचऱ्याचा होतो.

निळ्या दोरीचं काय निघालं

कोऱ्या बाथमधल्या सुतावर तोच सॉफ्टनर चढवून ते एक्स्ट्रूडरमधून काढलं, तर दोरी जवळजवळ तितकीच फुगली. पेट्रोलियम ईथरनं धुतलेला निळा माल फुगला नाही. म्हणजे फुगवटा फिनिशचा होता. डायवरचा काळपट थर मात्र फक्त निळ्यातच जमत होता, धुतल्यावरही. स्थिर तापमानाच्या टीजीएत पहिल्या दहा मिनिटांतली जास्तीची घटही फक्त निळ्यातच होती. तेवढा भाग रंगाचा. बॅरलचं तापमान १५ अंशांनी उतरवून व्हेंट उघडल्यावर पाळीत एकदा डाय पुसावा लागतो, पण दोरी तुटत नाही.